बोर्दोचे बंदर, फेब्रुवारी १८७१

एदुआर माने याचे ‘बोर्दोचे बंदर’ हे तैलचित्र १८७१ सालचे आहे. एवढेच सांगून थांबले तर ते एका गजबजलेल्या नदीबंदराचे चित्र ठरते. पण त्या वर्षाच्या आरंभी फ्रान्सची स्थिती आठवड्यागणिक पालटत होती. त्यामुळे चित्र कोणत्या आठवड्यात रंगवले गेले याला महत्त्व आहे, आणि मानेच्या पत्रांवरून ते बरेचसे ठरवता येते.

सप्टेंबर १८७०मध्ये प्रशियाच्या फौजा पॅरिसला वेढा घालणार हे दिसताच मानेने आई, पत्नी सुझान आणि तिचा मुलगा लेओं यांना पिरेनीजच्या पायथ्याशी ओलोरों-सेंत-मारी येथे धाडले. स्वतः तो राष्ट्रीय रक्षकदलात राहिला. आधी तोफखान्यात, मग मुख्यालयात लेफ्टनंट म्हणून. शहरातून बाहेर जाणारी टपाल बलून नेत असे. १९ नोव्हेंबरला चित्रकार एव्हा गोंझालेस हिला लिहिलेल्या पत्रात देवीची साथ, घोड्याचे मांस आणि कुत्री-मांजरे विकणारे खाटीक यांचा उल्लेख येतो. आपल्या सैनिकी पिशवीत रंगपेटी आणि घडीचा ईझल कोंबला आहे, असेही तो सांगतो. ही नुसती उमेद नव्हती. पती-मॉंरूज येथील बर्फाचे त्याचे लहानसे चित्र उपलब्ध आहे आणि त्यावर २८ डिसेंबर १८७० ही तारीख त्याच्याच हातची आहे. पत्रातले विधान कॅनव्हासने असे पक्के होते, तेव्हा त्या पत्रलेखकावर पुढेही विश्वास ठेवता येतो.

२८ जानेवारीला युद्धविराम झाला. १२ फेब्रुवारीला माने पॅरिसहून निघाला आणि ओलोरोंला कुटुंबाकडे पोहोचला. महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात सगळे बोर्दोला आले आणि मार्चच्या आरंभी समुद्रकाठच्या आर्काशोंला राहायला गेले. बंदराचे चित्र ओलोरों आणि आर्काशों या दोन मुक्कामांच्या मधल्या आठवडाभरातले ठरते.

त्या आठवड्यात बोर्दो ही फ्रान्सची राजधानीच झाली होती. नव्याने निवडलेली राष्ट्रीय सभा तिथल्या ग्रां तेआत्र या नाट्यगृहात भरत होती. १७ फेब्रुवारीला तिने आदोल्फ तिएरकडे कारभार सोपवला, आणि १ मार्चला ५४६ विरुद्ध १०७ मतांनी तहाच्या अटी मान्य केल्या. आल्सास आणि लोरेनचा काही भाग गेला, वर पाच अब्ज फ्रँकची खंडणी बसली. एमिल झोला तिथूनच ‘ला क्लोश’ या वृत्तपत्राला सभेची वार्तापत्रे पाठवत होता. माने सभेला हजर राहिला होता. मार्चमध्ये खोदकामचित्रकार फेलिक्स ब्राकमाँ याला लिहिलेल्या पत्रात त्याने त्या प्रतिनिधींना जराजर्जर ठरवले आणि तिएरबद्दल तर अत्यंत कडवट शब्द वापरले.

आता चित्राकडे वळावे. चरित्रकारांच्या नोंदीनुसार ते शार्त्रोँच्या धक्क्यावरील एका कॅफेच्या पहिल्या मजल्यावरून रंगवले आहे. शार्त्रोँ म्हणजे दारूच्या व्यापाऱ्यांची पेठ. पुढे धक्का आणि माल, त्यापलीकडे गारोनच्या पात्रात नांगरलेली गलबते, डोलकाठ्या आणि दोरखंडांची दाटी, आणि तिच्याआडून दिसणारे सेंट आंद्रे कॅथेड्रलचे मनोरे. आभाळ ढगाळ आहे. डोलकाठ्यांवरचा हात सरावाचा आहे. डिसेंबर १८४८मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, नौदलात शिरण्याच्या खटपटीत माने ल आव्रहून शिडाच्या जहाजाने रिओ द जानेरोला गेला होता. जहाजाची बांधणी त्याने डेकवर वावरून पाहिली होती.

चित्रात पराभव कुठे आहे, असे विचारले जाते. काहींना तो करड्या आभाळात दिसतो. मला हे वाचन मान्य नाही. फेब्रुवारीत बोर्दोचे आभाळ करडेच असते. शिवाय राजकारण रंगवायचे असले की माने ते उघडपणे रंगवी. त्याच वर्षी पॅरिस कम्यून चिरडताना झालेल्या रक्तपातावर त्याने ‘यादवी युद्ध’ हे शिळाछाप चित्र केले. त्यात बॅरिकेडखाली पडलेला राष्ट्रीय रक्षकदलाचा सैनिक आहे. तिथे अर्थ शोधत बसावे लागत नाही.

तेव्हा पुराव्याची वाटणी अशी होते. मानेचा संताप पत्रांत आहे आणि तिथे तो पूर्ण आहे. कॅनव्हासवर आहे ते बंदराचे चालू कामकाज: देश तहाच्या अटी ऐकत असताना गलबते लागत होती, माल उतरत होता, आणि चार महिने वेढ्यात अडकलेला माणूस ते खिडकीतून पाहत होता. वास्तववादी चित्रकाराने समोरचे दृश्य इमानाने टिपले. पत्रातला संताप त्या आभाळात कालवण्याचा अधिकार इतिहासकाराला नाही.