‘मादामा बटरफ्लाय’ आणि तिच्या मागचा इतिहास

इ. स. १८५३ मध्ये पेरीची काळी जहाजे जपानच्या किनाऱ्याला लागली आणि १८५८ च्या तहांनी नागासाकी बंदर विदेशी व्यापाराला मोकळे झाले. त्या तहांतील एक अट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जपानी भूमीवर गुन्हा करणाऱ्या परकीयाचा न्याय त्याच्याच राष्ट्राचा वाणिज्यदूत करी. जपानी न्यायाधीशाचा त्यावर अधिकार नसे. ही स्थिती १८९९ पर्यंत टिकली. पुच्चिनीची ‘मादामा बटरफ्लाय’ प्रीतीची शोककथा म्हणून विख्यात आहे. मला ती त्या तहांचीही शोककथा वाटते.

कथेचे मूळ पाहू गेल्यास मौज दिसते. पिएर लोती हा फ्रेंच नौदलाधिकारी १८८५ मध्ये नागासाकीस होता. तेथे काही आठवड्यांपुरता त्याने एका तरुणीशी करार करून ‘विवाह’ केला आणि १८८७ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. त्याची नायिका निरोपाच्या दिवशी अश्रू ढाळीत नाही. मिळालेली चांदीची नाणी खरी की खोटी, हे ती वाजवून पाहते! पुढे अमेरिकन लेखक जॉन ल्यूथर लाँग याने १८९८ मध्ये कथा लिहिली. त्याची बहीण धर्मप्रसारकाची पत्नी म्हणून नागासाकीत राहिलेली होती. लाँगची नायिका आत्मघाताचा प्रयत्न करते, परंतु जगते, आणि मूल घेऊन निघून जाते. १९०० मध्ये डेव्हिड बेलास्कोने रंगभूमीवर तिला प्रथम मारले. त्याच वर्षी लंडनमध्ये ते नाटक पाहून पुच्चिनी भारावला, जरी त्याला इंग्रजी फारसे कळत नव्हते. नाणी वाजवणाऱ्या स्त्रीपासून खंजिराने प्राण देणाऱ्या स्त्रीपर्यंतचा हा प्रवास अवघ्या तेरा वर्षांचा आहे, आणि तो सारा पाश्चात्त्य लेखण्यांनी घडवला.

इल्लिका व जाकोझा यांच्या संहितेत मात्र एक अस्सल ऐतिहासिक तपशील टिकला. पिंकर्टन घर नऊशे नव्व्याण्णव वर्षांच्या कराराने घेतो. पण तो करार दर महिन्याला मोडण्याची त्याला मुभा आहे. विवाहही तशाच अटीवर! पंधरा वर्षांची चोचोसान मात्र अमेरिकन कायद्यावर विसंबते. जपानात पतीने टाकले की काडीमोड झाला, अमेरिकेत न्यायाधीश तसे होऊ देणार नाही, असे ती ठामपणे सांगते. ज्या कायद्याने परकीयाला अभय दिले, त्याच कायद्याकडे तिने आश्रय मागावा, याहून करुण प्रसंग मला या संगीतिकेत आढळत नाही.

१७ फेब्रुवारी १९०४ रोजी मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात पहिला प्रयोग झाला तो आरडाओरड्यात बुडाला. त्याच्या नऊच दिवस आधी जपानने पोर्ट आर्थर येथे रशियन आरमारावर हल्ला चढवला होता. रंगमंचावर दीन दिसणारे ते राष्ट्र प्रत्यक्षात काय करीत होते, हे प्रेक्षकांनी वृत्तपत्रांत वाचलेच असणार. एका प्रयोगानंतर पुच्चिनीने संगीतिका मागे घेतली. २८ मे रोजी ब्रेशिया येथे सुधारलेली आवृत्ती गाजली. तीत दीर्घ दुसरा अंक विभागला होता आणि पिंकर्टनला पश्चात्तापाचे एक मधुर गीत मिळाले होते. पुढे जपान्यांविषयीची त्याची उर्मट वाक्येही वगळली गेली. प्रेक्षक सुखावले; परंतु इतिहासाच्या शिक्षकाला मिलानचा पिंकर्टनच अधिक खरा वाटतो. १९१५ मध्ये मिउरा तामाकी या जपानी गायिकेने लंडनमध्ये ही भूमिका गायिली, तेव्हा चोचोसानच्या तोंडी तिच्याच देशातील एका स्त्रीचा आवाज पडला.