अंगावरचा कॅमेरा

बंगळूरच्या जुन्या किल्ल्याच्या पश्चिम अंगास चामराजपेट ही वस्ती आहे. म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार यांच्या नावाने १८९२ साली ती आखून वसविण्यात आली. १९१५ साली स्थापन झालेल्या कन्नड साहित्य परिषदेची वास्तू याच वस्तीत आहे, आणि येथील फोर्ट हायस्कूलच्या पटांगणावर रामनवमीच्या निमित्ताने होणाऱ्या संगीतोत्सवाची परंपरा १९३९ पासूनची आहे. मराठी माणसाचा या शहराशी असलेला संबंध त्याहूनही पुष्कळ जुना. १६३८ साली आदिलशाही फौजांनी बंगळूर जिंकले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीचे मुख्य ठिकाण झाले. त्यांच्या दरबाराचे चित्र जयराम पिंड्ये या कवीने 'राधामाधवविलासचंपू'त रेखाटून ठेवले आहे. दरबारात कवी येऊन बसला म्हणजे तो आपल्याविषयी काही लिहिणार, हे तेथील प्रत्येकास ठाऊक असे. कवीला पाहून माणसे सावरून बसत असतील. ही साधी गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी, कारण आज मला जे सांगायचे आहे त्याचे बीज तिच्यातच आहे.

याच चामराजपेटेत माझ्या मावशीचे घर आहे. तिने ऐंशी वर्षे केव्हाच ओलांडली आहेत. काही दिवसांपूर्वी तिच्या पणतीचे बारसे झाले. त्या दिवशी तिच्या नातवाने, म्हणजे बाळाच्या मामाने, जाड काड्यांचा एक चष्मा लावला होता. त्या चष्म्यात कॅमेरा होता. काडीवरील कळ दाबली, की समोर दिसेल ते हात न लावता टिपले जाई आणि खिशातील स्मार्टफोनमध्ये जाऊन साठे. संध्याकाळी पाहुणे गेल्यावर त्याने ती चित्रे घरातील पडद्यावर लावली. बाळाला पाळण्यात घातले, नाव कानात सांगितले, बायकांनी पाळणा म्हटला. सगळे आनंदाने पाहत होते. एवढ्यात पडद्यावर मावशी दिसली. माजघराच्या दाराशी एकटी उभी राहून ती पदराने डोळे पुशीत होती. तिच्या यजमानांना जाऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते.

मावशीने विचारले, "अरे, हे तू केव्हा घेतलंस?"

नातू म्हणाला, "आजी, मी बाळाचंच घेत होतो. वळलो तेव्हा तू मध्ये आलीस."

"पण मला कळलं कसं नाही?"

"चष्म्यावर दिवा लागतो की."

मावशी म्हणाली, "दिवा दिसला रे. पण त्याचा अर्थ काय, ते मला कोण सांगणार?"

मावशीचा हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. अंगावर वागविण्याच्या कॅमेऱ्याचा इतिहास पाहू गेल्यास, तो बव्हंशी याच प्रश्नाचा इतिहास आहे, असे म्हणावे लागेल.

१८३९ साली छायाचित्रणाची कला जगासमोर आली, तेव्हा कॅमेरा ही एक अवजड पेटी होती. ती तिपाईवर ठेवावी लागे, छायाचित्रकार काळ्या कापडाखाली डोके घाली, आणि समोरच्या माणसास बराच वेळ निश्चल बसावे लागे. ही सारी मोठीच गैरसोय होती. परंतु तिच्यात एक सौजन्य नकळत दडलेले होते. आपले चित्र निघते आहे हे चित्रातील माणसाला पुरतेपणी कळत असे. नको असल्यास त्याला उठून जाता येई.

आपल्याकडील पहिल्या चलच्चित्रांची कथाही अशीच आहे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ झाला. तो हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, यांनी पाहिला. मुंबईत त्यांचा छायाचित्रणाचा व्यवसाय होता. त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागविला आणि १८९९ साली हँगिंग गार्डनमध्ये एक कुस्ती चित्रित केली. १९०१ साली रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले, तो प्रसंगही त्यांनी टिपला. कॅमेरा तिपाईवर, आणि त्याचा दांडा हाताने सतत फिरवावा लागे. सावेदादा दांडा फिरवू लागले, की भोवतालच्या गर्दीला सगळे कळत असणार. हात गुंतलेला असणे हीच जणू जाहीर सूचना होती.

हा हात मोकळा करण्याची खटपट मात्र त्याआधीच सुरू झाली होती. १८८६ च्या सुमारास स्टर्न नावाच्या जर्मन व्यापाऱ्याने एक चपटा, गोल कॅमेरा विकावयास आणला. तो बंडीच्या आत गळ्यात अडकवावयाचा. त्याचे भिंग गुंडीच्या काजातून बाहेर डोकावे, आणि खिशातील दोरी ओढली की चित्र निघे. एका काचेवर सहा वाटोळी चित्रे मावत. कार्ल स्टॉर्मर या नॉर्वेजियन विद्यार्थ्याने १८९० नंतरच्या दशकात असा कॅमेरा लावून ओस्लोच्या हमरस्त्यावर शेकडो चित्रे काढली. पुढे हे गृहस्थ ध्रुवप्रकाशाचे अभ्यासक व गणिती म्हणून विख्यात झाले. त्यांच्या चित्रांतील माणसे चालताहेत, हसताहेत, टोपी उचलून नमस्कार करताहेत. स्टुडिओतील ताठर चेहऱ्यांपुढे ही चित्रे विलक्षण जिवंत वाटतात, आणि ती जिवंत आहेत याचे कारण त्या माणसांना आपले चित्र निघत असल्याचा पत्ता नव्हता. गुण आणि दोष येथे एकाच ठिकाणी नांदतात.

त्याच सुमारास, १८८८ साली, कोडॅकचा हातात धरण्याचा कॅमेरा अमेरिकेत आला आणि कोणीही कोणाचेही चित्र काढू लागला. १८९० च्या डिसेंबरात वॉरन व ब्रँडाइस या दोन वकिलांनी हार्वर्डच्या विधिविषयक नियतकालिकात एक निबंध लिहिला. झटपट निघणारी छायाचित्रे आणि वर्तमानपत्रे घरगुती जीवनाच्या पवित्र आवारात शिरली आहेत, तेव्हा माणसाच्या खासगीपणाला कायद्याने संरक्षण द्यावे, असे त्यांचे म्हणणे होते. खासगीपणाच्या हक्काची आधुनिक चर्चा या निबंधापासून सुरू झाली असे मानतात. सुटसुटीत कॅमेरा आणि हा हक्क ही जवळजवळ जुळी भावंडेच होत.

चलच्चित्राच्या कॅमेऱ्याला हातापासून सुटण्यास अधिक काळ लागला. प्रोशिन्स्की या पोलिश संशोधकाने १९१० च्या सुमारास दाबलेल्या हवेवर चालणारा कॅमेरा सिद्ध केला; त्यामुळे दांडा फिरविण्याचे काम संपले, आणि पहिल्या महायुद्धात असे कॅमेरे हातात धरून रणभूमीवर चित्रे घेण्यात आली. गॅरेट ब्राउन या अमेरिकन तंत्रज्ञाने १९७० नंतरच्या दशकात कॅमेरा अंगाला पट्ट्यांनी बांधण्याची अशी युक्ती काढली, की चालणाऱ्याचे हेलकावे चित्रात उतरू नयेत. १९९४ साली स्टीव्ह मान हा संशोधक डोक्यावरच्या कॅमेऱ्यातील चित्रे बिनतारी यंत्रणेने थेट संगणकांच्या जाळ्यावर पाठवू लागला. तो पाहील ते दूरच्या अनोळखी माणसांनाही दिसे.

या शोधांचा एक हितकारक उपयोगही येथे सांगितला पाहिजे. केंब्रिज येथे या शतकाच्या आरंभी गळ्यात अडकविण्याचा एक लहान कॅमेरा तयार झाला. तो ठरावीक अंतराने, तसेच उजेड किंवा हालचाल बदलली की, आपण होऊन चित्र घेई. मेंदूच्या विकाराने स्मरण गमावलेल्या एका रुग्ण स्त्रीला तो देण्यात आला. त्याने घेतलेली चित्रे ती पुन्हापुन्हा पाही. जे प्रसंग लिहून ठेवलेली टिपणे वाचून तिच्या मनात टिकत नसत, ते चित्रे पाहून पुढे कित्येक महिने तिला आठवत राहिले, असे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नमूद आहे. विस्मरणाने ग्रासलेले वडीलधारे माणूस ज्यांच्या घरात आहे, त्यांना याचे मोल सांगावयास नको.

मग स्मार्टफोन आला, आणि अंगावरच्या कॅमेऱ्याचा जोडीदार झाला. चित्रे साठविणे, दाखविणे, जगभर धाडणे ही कामे फोनने उचलली. कॅमेऱ्याने केवळ पाहावयाचे. २०१० साली अमेरिकेत लुक्सी नावाचा कॅमेरा निघाला. तो कानावर अडकवीत. त्याचे चित्रण अखंड चालू असे. जुने पुसले जाई, नवे त्यावर उमटे. काही विशेष घडले, की कळ दाबावयाची. म्हणजे नुकत्याच होऊन गेलेल्या तीस सेकंदांचे चित्र निराळे काढून फोनकडे पाठविले जाई. तो कॅमेरा आज बाजारात नाही. तथापि त्याने घडविलेला पालट लहान नव्हता. सावेदादांना आधी ठरवावे लागे, मग टिपावे लागे. येथे आधी सर्वच टिपावयाचे आणि काय राखावे ते मागाहून ठरवावयाचे. चित्र घेण्याचा जो एक विवक्षित क्षण समोरच्यास ओळखता येत असे, तो क्षणच नाहीसा झाला.

समाजाने हे मुकाट्याने सोसले असे मात्र नाही. २०१३ साली गूगलने कॅमेऱ्याचा चष्मा निवडक लोकांना दिला, तेव्हा अमेरिकेतील काही उपाहारगृहांनी तो लावणाऱ्यांस दारातच अडविले. हा माणूस आपल्याकडे पाहतो आहे की आपल्याला टिपतो आहे, हे समोरच्यास कळेना. २०१५ च्या जानेवारीत त्या चष्म्याची सर्वसामान्य ग्राहकांसाठी असलेली विक्री थांबली. पुढे २०१६ साली स्नॅपने आणि २०२१ साली फेसबुकने चष्मे काढले, ते चित्रण चालू असता दिवा लागेल अशा सोयीसह. काळ्या कापडाखाली डोके घालणाऱ्या छायाचित्रकाराची जागा आता एका बारीक ठिपक्याने घेतली. एवढा ठिपका पुरेसा आहे काय, असा प्रश्न आयर्लंड व इटली येथील अधिकाऱ्यांनी २०२१ सालीच विचारला होता. २०२४ साली हार्वर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी अशा चष्म्यास चेहरा ओळखणाऱ्या यंत्रणेची जोड देऊन, रस्त्यावरील अनोळखी माणसाचे नाव व पत्ता शोधता येतो हे दाखवून दिले. २०२५ साली हे चष्मे भारतातही विक्रीस आले.

सार्वजनिक कर्तव्याची गोष्ट निराळी. पोलिसाच्या छातीवरचा कॅमेरा हा नागरिकाचाही साक्षीदार असतो. कॅलिफोर्नियातील रिआल्टो या लहानशा गावी २०१२ साली त्याचा प्रयोग झाला, तेव्हा पोलिसांविरुद्धच्या तक्रारी पुष्कळ घटल्या. मात्र वॉशिंग्टन शहरात दोन हजारांहून अधिक पोलिसांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१७ साली बाहेर आले, तेव्हा म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. यंत्र लावल्याने माणूस आपोआप सुधारत नाही, एवढा बोध त्यातून घ्यावा. आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडती व जप्तीचे चित्रण आवश्यक केले आहे. तेथे चित्रण हे नागरिकाचे संरक्षण आहे, आणि ते चालू असल्याचे उभय पक्षांस ठाऊक असते.

आणि खासगीपणाच्या हक्काविषयी बोलताना बंगळूरचेच एक नाव आदराने घेतले पाहिजे. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ साली, वयाची पंचाऐंशी वर्षे उलटल्यावर, आधार योजनेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. तिच्या ओघात २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने निर्णय दिला, की खासगीपणा हा भारतीय नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. पुट्टस्वामी २०२४ साली निवर्तले. अमेरिकेत १८९० साली ज्या विचाराने मूळ धरले, त्याला आपल्या देशात एका वयोवृद्ध गृहस्थाच्या चिकाटीमुळे असे भक्कम अधिष्ठान लाभले.

परंतु माझ्या मावशीच्या प्रश्नाला हे सारे पुरे पडते काय? स्त्रीच्या अत्यंत खासगी अवस्थेचे चोरून चित्रण करणे २०१३ पासून आपल्याकडे स्वतंत्र गुन्हा आहे. ते योग्यच झाले. पण माजघराच्या दाराशी डोळे पुसणे त्या कलमात बसत नाही. २०२३ च्या माहिती-संरक्षण कायद्याने तर व्यक्तीने वैयक्तिक वा घरगुती कारणासाठी बाळगलेली माहिती आपल्या कक्षेबाहेरच ठेवली आहे. तेही एका अर्थी बरोबर. प्रत्येक बारशाच्या चित्रणात सरकारने डोकावावे असे कोण म्हणेल? कायदा उंबऱ्याशी थांबतो. उंबऱ्याच्या आत रीत हवी. घरात शिरताना पादत्राणे काढावीत, दुसऱ्याचे पत्र वाचू नये, या रीती कोणत्याही न्यायालयाने घालून दिलेल्या नाहीत. त्या माणसांनी एकमेकांना सांगून रुजविल्या. पूर्वी यंत्राच्या अवजडपणामुळे जी सूचना आपोआप मिळत होती, ती आता तोंडाने द्यावी लागेल. हात मोकळे झाले असले, तरी सांगण्याचे काम उरलेच आहे.

त्या संध्याकाळी मावशीच्या नातवाने फोन हाती घेऊन विचारले, "आजी, सगळंच पुसून टाकू का?"

मावशी थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "पाळणा म्हटलेला राहू दे. माझ्या नणंदेचा आवाज आहे त्यात. माझं तेवढं काढ."

त्याने तेवढे काढले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो चष्मा लावून स्वयंपाकघराच्या दाराशी आला आणि आत पाऊल टाकण्यापूर्वी म्हणाला, "आजी, चित्र घेतोय हं." मावशीने पदर सारखा केला आणि, "ये," म्हणाली.