संगणकाचा रिफ्रेश रेट आणि दोन मॉनिटरमधील विसंगती : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :

एका संगणकास दोन मॉनिटर जोडले असता एकावरील चित्र अडखळते किंवा वेगवान मॉनिटर निष्कारण मंद पडतो, हा अनेकांचा अनुभव आहे. महाविद्यालयांतील लॅपटॉप व प्रोजेक्टर ही जोडीदेखील याच प्रकारात मोडते. अशा वेळी दोष उपकरणाच्या माथी मारला जातो व धडधाकट मॉनिटर अडगळीच्या खोलीत जाऊन पडतो. वास्तविक येथे बहुधा भिन्न काळांत, भिन्न कारणांनी रूढ झालेले दोन आकडे एका टेबलावर समोरासमोर आलेले असतात. प्रस्तुत लेखात या आकड्यांची पूर्वपीठिका शोधण्याचा प्रयत्न केला आहे.

विजेशी बांधलेला पडदा :

पडद्यावरील चित्र सेकंदाला जितक्या वेळा नव्याने रेखाटले जाते, त्या संख्येस रिफ्रेश रेट म्हणतात. ती हर्ट्झमध्ये मोजतात. हा आकडा केवळ मानवी डोळ्याच्या क्षमतेवरून ठरला, हा समज अर्धसत्य होय. बीबीसीने नोव्हेंबर १९३६ मध्ये लंडन येथे दूरचित्रवाणी सेवा सुरू केली. तिच्या मार्कोनी-ईएमआय पद्धतीत सेकंदाला ५० अर्धचित्रे दाखविली जात, कारण ब्रिटनमधील वीज ५० हर्ट्झची होती. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणून तेथील १९४१ च्या मानकात ६० हा आकडा आला. चित्राचा ताल विजेच्या तालाशी न जुळल्यास पडद्यावर आडवे पट्टे सरकत राहात. पुढे १९५३ मध्ये रंगीत प्रक्षेपणाचे मानक ठरले, तेव्हा रंग व ध्वनी यांच्या संकेतांत व्यत्यय येऊ नये म्हणून ६० चे ५९.९४ करण्यात आले. आजही संगणकाच्या सेटिंगमध्ये ६० च्या शेजारी ५९.९४ दिसतो, तो या तडजोडीचा अवशेष. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आणि दूरदर्शनही ५० चे; संगणक मात्र अमेरिकन ६० घेऊन आला!

पहिली जोडी :

आयबीएमच्या १९८१ च्या वैयक्तिक संगणकासाठी दोन डिस्प्ले कार्डे उपलब्ध होती. एकरंगी एमडीए ५० हर्ट्झवर चाले. त्याच्या पडद्यावरील हिरवी चमक सावकाश विझत असल्याने लुकलुक जाणवत नसे. रंगीत सीजीए ६० हर्ट्झचे होते. दोहोंच्या मेमरीचे पत्ते वेगळे असल्याने ती एकाच संगणकात बसविता येत. १९८३ मध्ये आलेल्या लोटस १-२-३ मध्ये एका पडद्यावर तक्ता व दुसऱ्यावर आलेख पाहण्याची सोय होती. म्हणजे भिन्न रिफ्रेश रेटचे दोन पडदे ही आजची नवलाई नव्हे. त्या व्यवस्थेत वेगांची ही विसंगती अडचण ठरत नसे, कारण प्रत्येक कार्ड आपल्याच घड्याळाने चाले व आपलेच चित्र राखे. हा मुद्दा प्रस्तुत विवेचनात निर्णायक वाटतो.

पुढील टप्पे थोडक्यात. १९८७ च्या व्हीजीएमध्ये चित्रांसाठी पद्धतीनुसार ६० किंवा ७० व मजकुरासाठी ७० हर्ट्झ होते. काचेच्या नळीच्या मॉनिटरवर डोळ्यांना शीण होई, म्हणून ७२, ७५, ८५ असे आकडे वाढले. एलसीडीने लुकलुक संपविली. त्यासरशी ६० पुन्हा रूढ झाला, आणि खेळांसाठी १२० व १४४ आले.

विसंगतीचे मूळ व निदान :

विंडोज व्हिस्टापासून (२००७) सर्व खिडक्या एकत्र जुळवून पडद्यांकडे धाडण्याचे काम एकाच मध्यवर्ती प्रोग्रामकडे आले. त्यालाच दोन ताल सांभाळावे लागू लागले. १२० ही ६० ची दुप्पट, परंतु १४४ ही २.४ पट, साहजिकच तेथे ओढाताण अधिक. विंडोज १० च्या मे २०२० च्या आवृत्तीत यात सुधारणा झाली. लिनक्सवर २००८ मध्ये आरंभ झालेल्या वेलँडच्या रचनेत प्रत्येक पडद्याला स्वतंत्र ताल देता येतो. एका अर्थी ही १९८१ कडे परतीची वाट आहे.

म्हणून निदान करताना प्रथम दोन्ही पडद्यांवर एकच चित्र दाखविणारी ‘डुप्लिकेट’ पद्धत सोडून ‘एक्स्टेंड’ निवडावी, कारण डुप्लिकेटमध्ये वेगवान पडद्याला बहुधा मंद पडद्याच्या पायरीवर उतरावे लागते. नंतर प्रत्येक पडद्याचा रिफ्रेश रेट स्वतंत्रपणे तपासावा. फोर-के मॉनिटरवर ३० हर्ट्झच मिळत असतील, तर संशयित केबल किंवा पोर्ट होय, एचडीएमआय १.४ ची मर्यादाच तेवढी आहे. १४४ चा मॉनिटर १२० वर आणल्याने अडखळणे थांबले, तर दोष तालांच्या मेळाचा समजावा. मॉनिटर दुसऱ्या संगणकास, दुसऱ्या केबलने, एकटा जोडूनही चित्र अडखळत असेल, तरच तो दुरुस्तीस पाठवावा.