विषांची परीक्षा

विषाची परीक्षा पाहूं नये, असें आपल्याकडे म्हणतात. कापूस पिकविणाऱ्या देशांनीं मात्र गेलीं दीडशें वर्षें तीच परीक्षा चालविली आहे. कोणतें औषध अळीस अधिक मारतें, हा प्रश्न प्रत्येक पिढीनें नव्यानें विचारला. आमच्या मतें तो प्रश्नच अपुरा होता.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंतील शेतकरी कापसाचीं पानें खाणाऱ्या अळीवर 'पॅरिस ग्रीन' हें सोमलयुक्त हिरवें चूर्ण वापरूं लागले. सोमल पोटांत गेल्यावांचून मारीत नाहीं. त्यामुळें पानावरची अळी मरे, पण बोंडांत शिरलेली अळी निर्धास्त राही. १९३९ सालीं पॉल म्युलर यांनीं डी.डी.टी.चा कीटकनाशक गुण ओळखला. हें विष केवळ स्पर्शानें मारी. म्हणून तें सोमलाहून सरस ठरलें. परंतु अळ्या खाऊन शेतकऱ्याचें काम करणारे किडेही त्यानें मेले, आणि विषांची तुलना करणाऱ्यांनीं ही हानि हिशेबांत धरली नाहीं.

पुढें अगदीं अल्प मात्रेंत काम करणारीं पायरेथ्रॉइड रसायनें आलीं. त्यांजवर इतका भरंवसा बसला कीं, फवारणीमागून फवारणी होऊं लागली. प्रत्येक फवारणींतून वांचलेल्या चिवट अळ्यांचाच वंश वाढला, आणि १९८७ सालीं आंध्र प्रदेशांत हिरव्या बोंडअळीपुढें तीं रसायनें निष्प्रभ ठरलीं. २००२ सालीं भारतांत बी.टी. कापसास परवानगी मिळाली; आतां विष झाडाच्या अंगांतच आलें. तथापि २०१० सालीं गुजरातेंत गुलाबी बोंडअळीनें त्याच्या पहिल्या वाणासही दाद दिली नसल्याचें उघड झालें.

या परीक्षेची किंमत केवळ पिकानें दिली असें नाहीं. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कापसावर फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. ज्या तुलनेंत पंप पाठीवर घेणाऱ्या माणसाच्या श्वासाचा विचार नाहीं, तिला शास्त्रीय तरी कसें म्हणावें?

गुलाबी बोंडअळीचें शास्त्रीय वर्णन १८४३ सालीं भडोचच्या नमुन्यांवरूनच झालें. ती सरकींत व झाडावर राहिलेल्या बोंडांत दडून पुढील हंगामाची वाट पाहते. म्हणून वेचणी संपतांच पऱ्हाट्या उपटणें, त्यांचे ढीग बांधावर न ठेवणें व कांहीं महिने रान कापसावांचून मोकळें ठेवणें, हा तिजवरचा खरा उपाय. या उपायास अळी सरावत नाहीं. पण तो एकट्या शेतकऱ्यानें करून भागत नाहीं, साऱ्या गांवानें करावा लागतो.

विषें सर्वस्वी टाकावीं, असें आमचें म्हणणें नाहीं. अळ्या मोजून, नुकसान खर्चाहून अधिक होणार असें दिसल्यावर, त्यांचा अवलंब करावा. मात्र विषाची योग्यता आज किती अळ्या मेल्या यावरून न ठरवितां, पुढील वर्षीं शेतांत काय उरलें आणि फवारणारा सुखरूप घरीं आला कीं नाहीं, यावरून ठरवावी.