पराभवानंतरची पाच वर्षं

निकाल मनासारखा लागला नाही की आमच्या मोहल्ल्यात पुढचे पंधरा दिवस एकच वाक्य ऐकू येतं, "मत देऊन काय फायदा?" चहाच्या टपरीवर, मशिदीबाहेर चपला घालताना, लग्नाच्या दस्तरखानावर. माझ्याकडे शिकून गेलेला आणि आता गॅरेज चालवणारा एक मुलगा परवा म्हणाला, "सर, आपण रांगेत उभे राहून मतं टाकायची, आणि बाकीच्यांनी टाकलीच नाहीत तर आपली काय चाटायची?" पक्ष कोणता, उमेदवार कोण, हे मी सांगणार नाही. मी शिक्षक आहे, निवडणुकीच्या ड्युटीवर जातो. पण त्या मुलाचा प्रश्न खरा आहे, आणि जुना आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पक्षाला तो तीनदा पडला होता.

१९४६ पासून सुरुवात करतो. त्याआधी १९३७ साली बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई इलाख्यात सतरा जागा लढवून चौदा जिंकल्या होत्या. तेव्हा एकाहून जास्त जागा असलेल्या मतदारसंघात मतदाराला आपली सगळी मतं एकाच उमेदवाराला देता येत. थोड्या लोकसंख्येच्या समाजाने एकी केली तर आपला माणूस निवडून आणता येई. १९४६ ला मात्र शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा देशभर धुव्वा उडाला. राखीव जागांपैकी जेमतेम दोन हाती आल्या. पुणे कराराप्रमाणे प्राथमिक फेरीत फक्त अस्पृश्य मतदार मत देत आणि अंतिम फेरीत सगळेच. पहिल्या फेरीत आपल्याच लोकांनी पुढे केलेला उमेदवार दुसऱ्या फेरीत इतरांच्या मतांनी पडू शकत होता. म्हणजे गॅरेजवाल्या पोराची तक्रार, शब्दाशब्दाने.

इथे एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण ती दरवर्षी १४ एप्रिलला मोबाईलवर फिरते. बाबासाहेबांना घटना समितीत बंगालच्या मुसलमानांनी मतं देऊन पाठवलं, असा तो मेसेज असतो. आपल्या लोकांना तो फार आवडतो. पण १९४६ च्या योजनेत प्रांतिक विधिमंडळातले मुस्लिम सदस्य मुस्लिम जागांसाठी मत देत आणि 'जनरल' सदस्य जनरल जागांसाठी. बाबासाहेब जनरल जागेवर निवडून आले. त्यामागे जोगेंद्रनाथ मंडल आणि बंगालमधल्या दलित आमदारांचे कष्ट होते. दुसऱ्याच्या मेहनतीचं श्रेय आपण घेऊ नये. फाळणीनंतर ती जागा गेली आणि ते पुन्हा मुंबईतून निवडून आले, हा पुढचा भाग.

आता १९५२. स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक. बाबासाहेब कायदेमंत्रिपदाचा राजीनामा देऊन बाहेर पडलेले. मुंबई शहर उत्तर हा दोन जागांचा मतदारसंघ होता, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. फेडरेशनची समाजवादी पक्षाशी युती होती. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता, राखीव जागेवर बाबासाहेब. राज्यघटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष आपल्याच मुंबईत उभा आहे, तो पडेल कसा? काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांनी त्यांना सुमारे साडेचौदा हजार मतांनी हरवलं.

हे कसं झालं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. तेव्हा मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसे. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे, पेटीवर त्याचं चिन्ह चिकटवलेलं, आणि आपली पत्रिका त्या पेटीत टाकायची. देशात दर शंभरातले अठराच लोक साक्षर होते, त्यामुळे चिन्ह हीच अक्षरओळख. फेडरेशनचं चिन्ह हत्ती. दोन जागांच्या मतदारसंघात प्रत्येकाला दोन पत्रिका मिळत, पण १९३७ सारखी दोन्ही मतं एकाच उमेदवाराला देता येत नसत. एकाच पेटीत दोन्ही टाकली तर एकच धरत. म्हणजे दलित मतदाराचं दुसरं मत युतीतल्या मित्राला जाणार, आणि त्या मित्राच्या मतदाराचं दुसरं मत हत्तीला यायला हवं. ते आलं तर विजय, नाही आलं तर आपलं मत मित्राला देऊन आपण रिकामे.

त्यात 'मत कुजवणे' नावाचा प्रकार होता. एक मत आपल्या माणसाला द्यायचं आणि दुसरं मुद्दाम वाया घालवायचं, म्हणजे ते कुणाच्याच कामी येत नाही. कम्युनिस्टांनी, विशेषतः श्रीपाद अमृत डांगे यांनी, असा प्रचार केला हा बाबासाहेबांचा आरोप होता. डांगे स्वतः त्याच मतदारसंघात सर्वसाधारण जागेवर उभे होते. आंबेडकर आणि मेहता यांनी निवडणुकीविरुद्ध अर्ज केला. तो फेटाळला गेला.

त्याच निवडणुकीत, त्याच नियमांखाली, सोलापुरात वेगळं घडलं. तिथेही दोन जागा होत्या. सर्वसाधारण जागा शेतकरी कामगार पक्षाच्या शंकरराव मोरेंनी जिंकली आणि राखीव जागा फेडरेशनच्या पां. ना. राजभोजांनी. मला हे उदाहरण मुंबईच्या पराभवापेक्षा महत्त्वाचं वाटतं, कारण पराभवाचा सगळा दोष नियमांवर टाकता येत नाही हे ते दाखवतं. काँग्रेसच्या लाटेत दोन वेगळ्या पक्षांचे उमेदवार एकाच मतदारसंघात निवडून आले. नियम दोन्हीकडे तेच होते. एकमेकांची मतं एकमेकांना मिळाली की नाही, हा फरक होता.

दोन वर्षांनी, १९५४ मध्ये, भंडाऱ्याची पोटनिवडणूक आली. पुन्हा दोन जागा, पुन्हा अशोक मेहता आणि बाबासाहेब. कार्यकर्ते आता शहाणे झाले होते. त्यांनी बाबासाहेबांना सुचवलं की या वेळी आपलं दुसरं मत मेहतांना द्यायचं नाही, कुजवायचं. असं सांगितलं जातं की बाबासाहेबांनी साफ नकार दिला. ज्याने मतदानाचा हक्क घटनेत लिहिला त्यानेच मत फुकट घालवायला सांगायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. निकाल लागला. अशोक मेहता निवडून आले आणि बाबासाहेब सुमारे आठ हजार मतांनी पडले.

मी हा प्रसंग वर्गात सांगितला तेव्हा मुलांमध्ये जुंपली. अर्ध्या वर्गाचं म्हणणं, हा भोळेपणा झाला. मला विचाराल तर तो भोळेपणा नव्हता. ज्यांची संख्या कमी, त्यांनी मत कुजवण्याची रीत रूढ केली तर तिचा सगळ्यात मोठा फटका उद्या त्यांनाच बसणार, एवढा हिशेब त्यामागे असावा.

या दोन पराभवांच्या मध्ये आणि नंतर फेडरेशनने काय केलं? रडत बसले नाहीत, असं सांगून मोकळं होणं सोपं आहे. खरं तर खूप निराशा होती, पक्षात भांडणंही होती. पण कामं थांबली नाहीत, आणि त्यातली बरीचशी निवडणुकीची वाटतच नाहीत. १९४६ च्या पराभवाच्याच वर्षी, जूनमध्ये, मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं. १९५० ला औरंगाबादचं कॉलेज, जे पुढे मिलिंद महाविद्यालय झालं. १९५३ साली दादासाहेब गायकवाडांनी मराठवाड्यात गायरान जमिनींसाठी भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला आणि लोक तुरुंगात गेले. जलसेवाले वस्त्यावस्त्यांत रात्र रात्र गात होते. वर्तमानपत्र वाचता न येणाऱ्या बाईपर्यंत राजकारण तेच पोचवत. १९५६ च्या जुलैत बाबासाहेबांनी मुंबईत राजकारणात येऊ पाहणाऱ्या तरुणांसाठी प्रशिक्षण विद्यालय सुरू केलं. मूठभर विद्यार्थी होते. तब्येत पार खालावलेल्या, दोन निवडणुका हरलेल्या माणसाने शाळा काढली याचं शिक्षक म्हणून मला फार अप्रूप वाटतं. ज्याला गायरानाच्या तुकड्यासाठी अटक झाली त्याला मत कशाला द्यायचं हे सभेत सांगावं लागत नाही.

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. तीन महिन्यांच्या आत दुसरी सार्वत्रिक निवडणूक आली. फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत सामील झालं होतं, आणि त्या समितीत कम्युनिस्टही होते. ज्यांच्यावर मतं कुजवल्याचा आरोप होता, तेच डांगे मुंबई शहर मध्य या दोन जागांच्या मतदारसंघात सर्वसाधारण जागेवर उभे राहिले. राखीव जागेवर फेडरेशनचे गो. का. माने. पाच वर्षांपूर्वीची जखम ताजी असलेल्या नायगावच्या मतदाराला घरोघर जाऊन 'एक मत हत्तीला, दुसरं डांग्यांना' हे पटवून देणं किती जड गेलं असेल! आणि डांग्यांच्या गिरणी कामगाराला उलटं पटवून देणंही. दोघेही निवडून आले. नाशिकमधून दादासाहेब गायकवाड लोकसभेत गेले. १९५२ ला देशभरात दोन खासदार असलेल्या फेडरेशनचे १९५७ ला सहा झाले. भाषावार राज्याच्या मागणीची लाट होती, हे खरंच. पण लाट आली तेव्हा फेडरेशनकडे आपली मतं शाबूत होती आणि ती मित्राला देऊन मित्राची घेण्याची तयारी होती. दोन जागांचे मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने बंद झाले.

आपल्याकडे, मुसलमानांकडे, राखीव जागा नाहीत. १९४९ च्या मे महिन्यात घटना समितीने धर्मावर आधारलेल्या राखीव जागांचा विषय संपवला, आणि बेगम एजाज रसूल यांच्यासारख्या मुस्लिम सदस्याही त्या नकोत म्हणणाऱ्यांत होत्या. तेव्हापासून आपला प्रत्येक मतदारसंघ म्हणजे १९५२ ची मुंबई किंवा १९५२ चं सोलापूर. शेजाऱ्याचं मत आपल्याला येतं की नाही, हे निवडणुकीच्या आदल्या महिन्यात ठरत नाही. पाणीपट्टीच्या मोर्चात आपण गेलो होतो का, त्यांच्या वस्तीतली शाळा बंद पडत होती तेव्हा कुठे होतो, यावर ते ठरतं. गॅरेजवाल्याला मी एवढंच सांगितलं, तर तो म्हणाला, "सर, हे पाच वर्षांचं काम झालं." मी म्हटलं, हो.

त्यातलं एक काम मात्र आजही करता येण्यासारखं आहे, आणि उर्दू-मराठी शिकवणारा म्हणून मी ते करतो. आपली नावं उर्दूतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत जाताना मोडतात. सय्यदचं सैय्यद, शेखचं शेक, नुसरतचं नुसरथ. लग्न होऊन आलेल्या मुलीचं नाव माहेरच्या यादीत राहतं, सासरच्या यादीत नसतं. यादीतलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळेना की मतदानाच्या दिवशी बाईंना टेबलावर हुज्जत घालावी लागते आणि त्या परत जातात. नवीन नावासाठी नमुना ६, दुरुस्तीसाठी नमुना ८. पूर्वी अठरा वर्षं मोजायला एकच तारीख असे, १ जानेवारी. आता वर्षात चार आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. आमच्या शाळेच्या मागच्या बाकड्यावर दहावी झालेल्या मुली शनिवारी दुपारी बसतात आणि गल्लीगल्लीची यादी वाचून खुणा करतात. गेल्या शनिवारी त्या पाचव्या गल्लीपर्यंत पोचल्या होत्या.