दिंद्रुडच्या खापरपणजोबांचा शोध

१/ अमेरिकेच्या जनगणनेत १८५० पर्यंत केवळ कुटुंबप्रमुखाचे नाव लिहिले जाई. त्या वर्षापासून घरातील प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचे नाव, वय आणि जन्मस्थान नोंदवले जाऊ लागले. म्हणूनच तिकडच्या एखाद्या खेडवळ कुटुंबाची वंशावळ आज पिढीमागून पिढी जुळवता येते. त्याच काळातील दिंद्रुडच्या शेतकऱ्याची जुळवायची झाल्यास?

२/ दिंद्रुड (ता. माजलगाव, जि. बीड) तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. संस्थानाची पहिली जनगणना १८८१ ची. तिच्या छापील अहवालात जाती, धर्म आणि व्यवसायांचे आकडे आहेत, माणसांची नावे नाहीत. खापरपणजोबा त्या बेरजेत आहेत, पण निनावी.

३/ नाव सापडते ते जमिनीच्या कागदांत. १८५३ साली दिवाण झालेल्या सालारजंगांनी महसुलाची मक्तेदारी मोडीत काढली, जिल्हे आखले, पगारी अंमलदार नेमले. पुढे शेतांची मोजणी झाली. कोणत्या शेताचा सारा कोण भरतो, हे सरकारला लिहून ठेवणे भाग पडले.

४/ हे कागद वाचणे सोपे नाही. गावपातळीवर मोडी लिपी. दरबारी भाषा आधी फारसी, १८८० च्या दशकापासून उर्दू. आणि कालगणना फसली. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतो: फसली १३०० म्हणजे इ.स. १८९०-९१. आडनाव पुष्कळदा नसतेच. ‘अमुक वलद तमुक’ एवढेच असते. ‘वलद’ म्हणजे मुलगा. या एका शब्दाने एक पिढी मागे जाता येते.

५/ दुसरी वाट तीर्थक्षेत्रांची. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूचे गाव, वडील, आजोबा, भाऊ यांची नावे मिळतात.

६/ मात्र साऱ्याच्या कागदात शेतमजुराला जागा नव्हती, आणि यात्रेचा खर्च त्याला क्वचितच परवडे. अमेरिकेतही १८५० आणि १८६० च्या गणनेत गुलामांची नोंद मालकाच्या नावाखाली, बहुतेक निनावीच झाली. त्यामुळे त्यांच्या वंशजांचा शोध अनेकदा १८७० पाशी अडतो.

७/ हा प्रश्न केवळ कुतूहलाचा राहिलेला नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये मराठवाड्यातील निजामकालीन कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे (निवृत्त) समिती नेमली गेली आणि पणजोबांच्या नावापुढील एका शब्दाला आरक्षणाच्या दाखल्याचे मोल आले. ज्यांचा कागद वाळवीने खाल्ला किंवा लिहिलाच गेला नाही, त्यांचे पूर्वज याच मातीत राबले होते, हे अभ्यासकाने विसरू नये.

८/ शोधाचा आरंभ घरातूनच करावा. आजीला तिच्या सासूचे नाव आणि माहेरचे गाव विचारून लिहून ठेवावे. साऱ्याच्या कागदांत स्त्रियांची नावे फार थोडी आहेत. ती बहुधा आजीच्या आठवणीतच उरली आहेत.