दारातला झेंडू

दसऱ्याला देगलूरच्या बाजारात झेंडूचे ढीग लागतात. आपट्याच्या पानाइतकेच हे फूल इथले, असे कोणीही म्हणेल. इतिहास मात्र निराळे सांगतो. झेंडू मूळचा मेक्सिकोचा. १६व्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला आणि पोर्तुगिजांकरवी तो भारतात आला, असे मानले जाते. बागेतील गुलबक्षी व कुंपणावरची बोगनवेल ह्याही अमेरिका खंडांतल्याच. मेक्सिकोत आजही २ नोव्हेंबरला, मृत भाविकांच्या दिनी, झेंडूने कबरी सजतात. आम्हीही त्या दिवशी तेच फूल वाहतो.

परंतु पाहुणा रुजायला निगा लागते. काळ्या जमिनीत पाणी साचून मुळे कुजतात, म्हणून रोप वरंब्यावर लावावे. ते रुजले की शेंडा खुडावा, म्हणजे फुटवे येतात. १९व्या शतकात शोभेच्या कुंपणासाठी आणलेली घाणेरी मात्र मोकाट सुटली आणि तिने रानेच्या राने व्यापली.

आम्हा ख्रिस्ती लोकांना कधीकधी 'परके' म्हटले जाते. झेंडूला त्याचे मूळ गाव कोणी विचारीत नाही, कारण तो शेजाऱ्याच्या तोरणात गुंफला गेला आहे. आम्ही घाणेरीसारखे पसरावे की झेंडूसारखे गुंफले जावे, हे प्रत्येक कुटुंबाने प्रार्थनापूर्वक ठरवावे.